पिवळं तेवढं पाठ

उधना, सुरत
२२ जून

चि. तेजस्विनीस,

अनेक आशीर्वाद लिहिणार होते, पण आधी भांडण, मग आशीर्वाद.

काल माझ्या पाठावर पुण्याहून शेरा आला : ‘रंग फार झाले आहेत. शीर्षके नीट बसवावीत. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.’ खाली सही, टी. कुलकर्णी. सारा जन्म मी मुलांच्या वह्यांवर ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारला आणि निवृत्त झाल्यावर तोच शेरा फिरून माझ्या दारी आला. जेवताना तुझ्या काकांना सांगितलं, तर भात कालवता कालवता म्हणाले, “अगं, टी म्हणजे आपली तेजू. ती त्या ऑनलाइन शाळांच्या कंपनीतच नाही का, पाठ तपासायला?” म्हणजे भावाच्या ज्या मुलीला मी पाटीवर ‘ग’ गिरवायला शिकवला, ती आता मला शीर्षक बसवायला शिकवणार. शिकव बाई.

तुला तिथं बसून काय कल्पना असणार, म्हणून सांगते. पांडेसऱ्यातल्या बायकांना बाहेरून दहावीला बसवणारी एक संस्था आहे. बहुतेक जणी खानदेशातल्या. नवरे कापड रंगवायच्या मिलमध्ये, आणि या घरी बसून साड्यांना लेस लावतात. रोज वर्गाला येणं जमत नाही, म्हणून संस्थेनं तुमची ऑनलाइन शाळा घेतली. बायका फोनवर पाठ वाचतात आणि रविवारी तासभर माझ्याकडे येतात. विज्ञानाचे पाठ मराठीत लिहायचं काम माझं. संस्थेचे गजेंद्रभाई महाजन मूळचे आपल्या जळगावचेच, पण बोलतात गुजराती. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “बेन, मराठीनुं आ छेल्लुं वरस समजो.” ऑगस्टच्या चाचणीत निम्म्या तरी बायका पास झाल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी मराठी वर्ग बंद. फक्त हिंदी आणि गुजराती. या बायका हिंदी बोलतात झकास, पण वाचायला दिलं की चष्मा घरी राहिलेला असतो. मराठी वर्ग गेला म्हणजे यांची दहावी गेली.

म्हणून मी जीव ओतून पाठ सजवले. शाळेत माझा फळा बघायला दुसऱ्या वर्गातल्या बाई यायच्या. कडेनं वेलबुट्टी, वर सुविचार, आणि जे महत्त्वाचं ते पिवळ्या खडूत. ‘पिवळं तेवढं पाठ’ हे माझं वाक्य उधन्यातल्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे दिपायला लागले, तेव्हा तुझ्या अमितदादानं माझ्या कॉम्प्युटरचा पडदा काळा करून दिला. आता तर हुबेहूब फळाच वाटतो. मग खडू हातात घेतल्याशिवाय राहवतंय का?

तू माझी वेलबुट्टी का पुसलीस त्याचा खुलासा कर. आशीर्वाद त्यानंतर.

तुझी आत्या,
मंगला


पुणे
२५ जून

प्रिय आत्या,

खुलासा सादर. तुझा ‘उष्णता’ हा पाठ उघडला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं की रांगोळी स्पर्धेचे निकाल लागले का. गुलाबी शीर्षक, हिरव्या व्याख्या, जांभळी उदाहरणं, आणि चहूबाजूंनी चांदण्यांची चौकट. ती चौकट तू एकेक चांदणी टाइप करून केलीस, हे कळल्यावर मला तुझ्या बोटांची दया आली. फोनवर त्या चांदण्या ओळी सोडून खाली सांडतात.

आणि शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार किती बडवलास? तुझ्या पडद्यावर ते मधोमध असेल. फोन अरुंद असतो, तिथं ‘उष्णता’ दुसऱ्या ओळीत उजव्या कडेला लटकते, चालत्या रिक्षातून पाय बाहेर काढून बसल्यासारखी. आत्या, ज्या चौकटीत तू लिहितेस त्याला एडिटर म्हणतात. त्याच्या वरच्या पट्टीत सगळी बटणं आहेत. शीर्षकाला हेडिंगचं बटण दाब, तो आपला आपण मोठा करतो. एक-दोन-तीन असे आकडे हातानं घालू नकोस, यादीचं बटण आहे. तू मधली एक ओळ खोडलीस आणि पुढचे आकडे तसेच राहिले. तुझ्या पाठात पदार्थाच्या तीन अवस्था आहेत, पहिली, दुसरी आणि चौथी. आणि वर्डमधून उचलून इथं चिकटवलंस तर तिथला कचराही सोबत येतो, तेव्हा चिकटवल्यावर ते खोडरबरासारखं बटण दाबून सगळं साधं करून घे.

रंगांबद्दल. गुलाबी, हिरवा, जांभळा काढ. पिवळा तेवढा ठेव. आमच्या ऑफिसातही सगळ्यांचे पडदे काळेच असतात, आणि खरं सांगते, तुझा तो खडूचा पिवळा सगळ्यात उठून दिसतो. तसा शेरा अधिकृतपणेही टाकला आहे, म्हणजे गजेंद्रभाईंना दाखवता येईल. वेलबुट्टीची माफी. तुझ्या जुन्या फळ्याचा एखादा फोटो असेल तर पाठव, मी माझ्या टेबलावर लावते.

आता आशीर्वाद दे.

तुझी,
टी. कुलकर्णी (सही तीच ठेवली आहे, धाक राहतो)


उधना, सुरत
१३ जुलै

चि. तेजस्विनीस,

आशीर्वाद घे, आणि सोबत गुरुदक्षिणेचा हिशोबही घे. सगळे पाठ तू सांगितलेस तसे पुन्हा केले. ते खोडरबराचं बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा माझ्या तोंडून “अगं आई” निघालं. एका फटक्यात नटलेली नवरी परकरी पोरीसारखी समोर उभी. तुझे काका म्हणाले, “आता कुठं वाचता येतंय.” त्यांच्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

पण तुझं खरं होतं. हेडिंग दाबलं की हेडिंग होतं, आणि यादीतलं मधलं काढलं तर बाकीचे आकडे गुमान सरकून घेतात. असे शहाणे विद्यार्थी मला कधी मिळाले नाहीत. सगळे रंग काढले आणि पिवळा तेवढा ठेवला. आधी व्याख्या हिरव्यात होत्या, सूत्रं जांभळ्यात. आता व्याख्या, सूत्रं, महत्त्वाचे फरक, सगळं पिवळ्यात. पहिल्या रविवारी बायकांना सांगून टाकलं, “बायांनो, पिवळं तेवढं पाठ. बाकीचं नुसतं वाचा.” त्यांनी माना डोलावल्या. वर्गात मी पिवळ्याला हात लावत नाही, ते त्यांचं त्यांनी करायचं. वर्गात उदाहरणं आणि प्रयोग.

यांच्यात वर्षा म्हणून एक आहे, अमळनेरकडची. नववीत असताना लग्न झालं. तिची मुलगी गुजराती शाळेत जाते आणि आईला ‘तने नहीं समजाय’ म्हणते. बालवर्गात मदतनीस हवी आहे असं एका शाळेनं वर्षाला सांगितलंय, पण दहावी पास पाहिजे. ती पुढच्या बाकावर बसते आणि माझ्याकडे अशी बघते की मला पदर सारखा करावासा वाटतो. ही पास झाली तर माझी निवृत्ती कारणी लागली म्हणायची.

फळ्याचा फोटो नाही गं. तेव्हा कुणी फळ्याचे फोटो काढायचं नाही. घंटा झाली की पुसायचा.

तुझी आत्या


पुणे
१६ जुलै

प्रिय आत्या,

सगळे पाठ पास. चौथी अवस्था तिसरी झाली, अभिनंदन. मी शेवटचा पाठ बघताना इतकी रमले की माझी कॉफी गार झाली, आणि ‘उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते’ हे तुझं पिवळं वाक्य मला आपोआप पाठ झालं.

तू शिष्या चांगली आहेस. थोडी हट्टी आहेस, पण ते घराण्यातच आहे. काकांशी आता बोल, त्यांच्या फोडणीच्या पोह्यांवर बहिष्कार परवडणार नाही.

तुझी,
तेजू


उधना, सुरत
२४ ऑगस्ट

चि. तेजस्विनीस,

या पत्रात थट्टा नाही, कारण मला करावीशी वाटत नाही.

चाचणीचा निकाल लागला. एकही पास नाही. उदाहरणं बरोबर, प्रयोग बरोबर, आणि जिथं व्याख्या विचारली तिथं सगळ्यांची पाटी कोरी. जे मी पिवळ्यात लिहिलं होतं तेवढंच नेमकं कुणी पाठ केलेलं नाही. वर्षानं तर कमाल केली. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ या प्रश्नाखाली तिनं लिहिलंय, ‘हे बाईंनी सांगितलेले नाही.’ उद्धटपणा बघ.

आज वर्गात मी रागावले. माझ्या पद्धतीनं रागावले, तुला माहीतच आहे. एवढ्या कष्टानं लिहिलेलं तुम्हाला वाचायचंही होत नाही, असं म्हटलं. आणि वर्षाला सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझ्याच्यानं दहावी व्हायची नाही.” तिनं मान खाली घातली आणि पुस्तक पिशवीत भरलं.

गजेंद्रभाईंचा फोन येऊन गेला. पुढच्या महिन्यात बैठक आहे, मराठी वर्गाचा निकाल तिथंच लावणार. मी त्यांना सांगणार आहे की हे काम माझ्यानं होत नाही. फळ्यावरची बाई फोनमध्ये मावत नसते हे मला आधीच कळायला हवं होतं.

तुझी आत्या


पुणे
२५ ऑगस्ट

आत्या,

राजीनामा आठवडाभर कपाटात ठेव, तिथं तो खराब होत नाही.

मला एक गोष्ट खटकते. सगळ्या जणी आळशी असत्या तर प्रत्येकीनं वेगवेगळं सोडलं असतं. एका वर्गातल्या सगळ्या बायका नेमकं तेच तेच कसं सोडतील? आणि जी बाई पदर सारखा करायला लावते, ती उद्धट उत्तर कशाला लिहील? फोनवर काहीतरी मोडत असेल. तक्ते मोडतात, चित्रं उघडत नाहीत, असं होतं कधी कधी. आम्ही इथं मोठ्या पडद्यावर तपासतो आणि हुशारी मारतो.

परवा गणपती बसतायत. कुणाच्या तरी घरी दर्शनाला म्हणून जा. वर्षाकडेच जा. आणि तुझा पाठ तिच्या फोनवर तिला मोठ्यानं वाचायला सांग. तू वाचायचा नाहीस, फक्त ऐकायचं. हे तुला अवघड जाईल हे मला माहीत आहे.

तेजू


उधना, सुरत
२९ ऑगस्ट

चि. तेजस्विनीस,

काल गेले होते. पांडेसऱ्यात त्यांच्या गल्लीत शिरले की जमिनीवरून रंगाचं पाणी वाहतं, त्या दिवशी लाल होतं. वर्षाच्या खोलीत एका कोपऱ्यात साड्यांचा ढीग आणि दुसऱ्यात कपाटावर छोटा गणपती. मला बघून ती घाबरलीच. तिची सासू म्हणाली, “या मास्तरीणबाई, बसा,” आणि साड्या बाजूला सारून मला जागा करून दिली. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि मी म्हटलं, “वर्षा, तो बाष्पीभवनाचा पाठ जरा वाचून दाखव.”

ती वाचायला लागली. छान वाचते गं. “ओले कपडे दोरीवर वाळत घातल्यावर त्यातले पाणी कुठे जाते?” मग उदाहरण, मग प्रयोग. मग म्हणाली, “म्हणून बाष्पीभवन म्हणजे,” आणि एकदम पुढच्या परिच्छेदावर गेली. मी म्हटलं, मधलं का सोडलंस? तिनं फोन माझ्याकडे केला आणि घाबरून घरचीच भाषा बोलली, “बाई, आठे ते काहीच नही शे.”

तेजू, खरंच काही नव्हतं. पांढरं पान, आणि त्यात चार ओळींची पांढरी जागा. ऊन खिडकीतून सरळ फोनवर पडलं होतं. चष्मा पुसून पाहिलं, फोन तिरका करून पाहिला, तेव्हा कुठं हळदीचं पाणी उडाल्यासारखं काहीतरी पुसट दिसलं. मी त्या जागेवर बोट दाबून धरलं. मागे निळी पट्टी आली आणि तिच्यावर माझी व्याख्या उगवली, अक्षर न् अक्षर.

पांढऱ्या कागदावर मी पिवळ्या खडूनं लिहीत होते. सारा जन्म काळ्या फळ्यावर लिहिलं आणि पडदाही काळा मिळाला, तर माझ्या डोक्यात आलंच नाही की त्यांचे फोन पांढरे असतील.

मी विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? वर्षा म्हणाली, “तुम्ही म्हणालात पिवळं तेवढं पाठ. पिवळं काही दिसलंच नाही, तर आम्हाला वाटलं बाईंनी पाठांतर ठेवलंच नाही. सगळ्या म्हणत होत्या, किती चांगल्या बाई आहेत.” मनीषा म्हणून दुसरी एक आहे, तिची समजूत तर अशी की मधलं रिकामं आहे ते मोठा रिचार्ज मारणाऱ्यांनाच दिसतं. आणि वर्षानं पेपरात जे लिहिलं ते अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. खरंच मी सांगितलेलं नव्हतं.

मला तिची माफी मागायची होती. जीभ वळली नाही. मास्तरीण झालेल्या बाईच्या तोंडाला त्या शब्दाची सवय नसते. मी नुसतं म्हटलं, “पाठ दुरुस्त करते,” आणि उठले. घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत होती, आणि अजून वाटते आहे.

आता नीट ऐक. बैठकीत मी सांगणार की चूक माझी आहे. तुझा तो ‘पिवळा तेवढा ठेवा’ शेरा मी कुणाला दाखवणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तू गप्प बसायचं.

तुझी आत्या


पुणे
१ सप्टेंबर

आत्या,

उशीर झाला. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी संस्थेला माझ्या नावानं लिहून टाकलं : पिवळा ठेवण्याची सूचना तपासणाऱ्याची होती, लेखिकेनं ती फक्त पाळली. साहेबांनाही दाखवलं. त्यांनी स्वतःचा पडदा पांढरा करून पाहिला आणि आम्हा सगळ्यांना करायला लावला. आता आमच्याकडे प्रत्येक पाठ आधी साध्या फोनवर, खिडकीजवळ उभं राहून बघायचा असा नियम झाला आहे. ऑफिसात त्याला ‘आत्या-नियम’ म्हणतात. ते नाव मी पसरवलेलं नाही.

तू माझ्यापेक्षा मोठी आहेस म्हणून माझी चूकसुद्धा तूच अंगावर घेणार, असं चालणार नाही. व्याख्या आता बोल्ड कर. ते ‘ब’चं ठळक बटण आहे ना, तेच. काळ्यावरही दिसतं, पांढऱ्यावरही दिसतं.

आणि वर्षाला काय बोललीस ते मी विसरलेले नाही. ते तुझं तुलाच निस्तरायचं आहे.

तेजू


उधना, सुरत
१२ ऑक्टोबर

चि. तेजस्विनीस,

सोबत घारी पाठवली आहे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी इथं सगळं सुरत जी मिठाई खातं ती, चंदी पडव्याची आहे, उरलेली नाही, मुद्दाम तुझ्यासाठी वेगळी काढलेली. तुझे काका तीन दिवस त्या डब्याकडे बघत होते.

बैठकीची हकीकत ऐक. गजेंद्रभाई म्हणाले, “बेन, में तो बधा पाठ वांच्या छे, मने तो बराबर लाग्या.” प्रत्येक पाठाखाली ‘वाचले’ म्हणून त्यांची खूणही आहे. मी म्हटलं, मग तुमच्या फोनवर बाष्पीभवनाची व्याख्या वाचून दाखवा. त्यांनी फोन काढला. वर गेले, खाली गेले, चष्मा कपाळावर सरकवला. मग माझ्याकडे बघून, किती वर्षांनी कोण जाणे, चक्क मराठीत म्हणाले, “बाई, इथं काही नाही हो.” सगळी बैठक हसली, तेही हसले. मग तुझं पत्र वाचून झालं. त्यांनी महिन्याची मुदत दिली आणि पुन्हा चाचणी घ्यायचं ठरलं.

ती मागच्या रविवारी झाली. बायकांनी फोनवरच एडिटरमध्ये उत्तरं लिहिली, हेडिंगं घालून, याद्या करून. निम्म्याहून बऱ्याच जास्त पास झाल्या आणि मराठी वर्ग पुढच्या वर्षीही चालू राहणार आहे. मनीषा पुन्हा नापास झाली. ती म्हणाली, “आता तर सगळं दिसत होतं बाई, आता कशावर ढकलू?” पुढच्या वेळी होईल ती.

माझा पडदा मी आता पांढराच ठेवते. डोळे दिपतात, पण त्यांना दिसतं तेच मला दिसायला हवं. हे ध्यानात ठेवून पुढचं ऐक.

वर्षा पहिली आली. बाष्पीभवनाची व्याख्या बोल्डमध्ये, एकही चूक नाही. सगळे प्रश्न संपल्यावर तिनं खाली एक ओळ जास्तीची लिहिली होती :

‘बाई, त्या रविवारी तुम्ही मला जे बोललात ते मी याच्याखाली पिवळ्यात लिहिलं आहे. ते पाठ करायचं नाही.’

खाली पान कोरं होतं. बोट दाबून धरलं असतं तर अक्षरं वर आली असती. मी नाही दाबलं. मला ती पाठच होती गं. बराच वेळ पदर डोळ्याला लावून बसले आणि मग त्याच एडिटरमध्ये तिच्या ओळीखाली उत्तर लिहिलं. ‘वर्षा, माझं चुकलं.’ बोल्ड केलं, आणि त्यावर हेडिंगचंही बटण दाबलं.

तू म्हणशील ते बटण शीर्षकासाठी असतं. असू दे. हा पाठ तुझ्याकडे तपासायला येणार नाही.

अनेक आशीर्वाद. जूनपासूनचे सगळे एकदम देते.

तुझी आत्या,
मंगला